गावात घर-प्लॉट घेताना आणि विकताना: विदर्भातल्या नवख्यांसाठी

धामणगाव, कारंजा, मेहकर या पट्ट्यात समृद्धी महामार्ग आला आणि शेतांच्या धुऱ्यांना लागून चुन्याच्या रेषा पडू लागल्या. महामार्ग शेवटच्या टप्प्यासह पूर्ण खुला झाला तो ५ जून २०२५ ला, पण ‘ले-आउट’च्या पाट्या त्याच्या कितीतरी आधीच गावोगाव लागल्या होत्या. हे प्लॉट घेणारे बहुतेक जण आयुष्यात पहिल्यांदाच जागा घेतात: जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी, आरोग्य केंद्रातली सिस्टर, पुण्यात कंपनीत लागलेला आणि आईबापासाठी गावी दोन खोल्या बांधू पाहणारा पोरगा. विकणारा कास्तकारही बहुधा पहिल्यांदाच विकत असतो. कायदा काय म्हणतो हे दोघांनाही दलालाच्या तोंडूनच कळतं. म्हणून हा लेख दोघांसाठी लिहिला आहे.

दोन गोष्टी आधीच सांगतो. जागा कोणत्या प्रकारच्या जमिनीवर आहे हे कळेपर्यंत एक रुपयाही देऊ नका. आणि पैसा कधीही कागदाच्या पुढे जाऊ देऊ नका. खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींतूनच निघतात.

पहिली पायरी: जमीन ओळखा

गावात घर विकायला निघालेला माणूस पहिल्यांदा ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखवतो. त्यावर त्याचं नाव असतं, घर क्रमांक असतो, घरपट्टीची पावतीही जोडलेली असते. हे पाहून नवखा माणूस निर्धास्त होतो. पण नमुना आठ ही कर आकारणीची नोंद आहे. त्या घराचा कर कोण भरतो एवढंच ती सांगते. जागेचा मालक कोण, हे त्यातून सिद्ध होत नाही. सरकारी जागेवरच्या अतिक्रमणाच्या घरालाही ग्रामपंचायत कर लावते, आणि मग त्याचाही नमुना आठ निघतो.

म्हणून पटवाऱ्याकडे जा. कागदोपत्री त्याला आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणतात, गावात मात्र अजून पटवारीच चालतं. सरळ विचारा: ही जागा गावठाणात आहे, शेताच्या खसऱ्यात (गट नंबरात) आहे की सरकारी आहे? उत्तर ऐकून थांबू नका, नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा.

जागा गावठाणात असेल तर तिचा सातबारा नसतो. तिथे आखीव पत्रिका किंवा मिळकत पत्रिका पाहायची. विदर्भातल्या कितीतरी गावठाणांची पूर्वी कधी मोजणीच झाली नव्हती, त्यामुळे घरं पिढ्यानपिढ्या नुसत्या ताब्यावर चालत आली. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊ लागली आणि घराघराची मिळकत पत्रिका तयार होऊ लागली. तुमच्या गावात ती झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून पत्रिकेचा उतारा आणि नकाशा दोन्ही घ्या. नकाशातली लांबी-रुंदी जागेवर टेप लावून ताडून पाहा. गावठाणातले बहुतेक तंटे भिंतीचे, ओट्याचे आणि सांडपाण्याच्या नालीचे असतात. शेजाऱ्याची भिंत सामाईक आहे का, नाली कुणाच्या अंगणातून जाते, विहिरीवर कुणाकुणाचा हक्क आहे, हे शेजाऱ्यालाच विचारा. विकणारा ते स्वतःहून सांगेलच असं नाही.

जागा शेताच्या खसऱ्यात असेल तर सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) आणि त्या खसऱ्याचे सगळे फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) काढा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो आणि तो कायदेशीर कामाला चालतो. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर सातबाऱ्याचा फोटो पाठवला तर त्यावर विसंबू नका. स्वतः काढा, आणि आजच्या तारखेचा काढा.

सातबाऱ्यावर सर्वांत आधी भोगवटा पाहा. ‘भोगवटदार वर्ग-१’ असेल तर मालकाला विकण्याची साधारण मोकळीक असते. ‘वर्ग-२’ असेल तर सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. सरकारने भूमिहीनाला दिलेली पट्ट्याची जमीन, सीलिंगमधून वाटलेली, कुळकायद्याने मिळालेली, पुनर्वसनात दिलेली, अशा जमिनी या वर्गात सापडतात. वर्ग-२ चा वर्ग-१ करून घेण्याची तरतूद आहे, पण ते काम विकणाऱ्याने विक्रीच्या आधी करायचं असतं. ‘तुम्ही घेऊन टाका, परवानगी मागून आणू’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

त्यानंतर ‘इतर हक्क’ हा रकाना शब्द न् शब्द वाचा. सोसायटीचा, जिल्हा बँकेचा किंवा राष्ट्रीयीकृत बँकेचा बोजा, न्यायालयातल्या दाव्याची नोंद, बहिणींची किंवा आईची नावं, ‘तुकडा’ असा शेरा, संपादनाची नोंद, हे सगळं तिथेच सापडतं. बोजा दिसला म्हणून सौदा मोडतोच असं नाही. बँकेचा कर्ज फिटल्याचा दाखला आणून, बोजा कमी झाल्याचा फेरफार पाहून मगच पुढे जायचं.

विदर्भात खास पाहायच्या गोष्टी

पश्चिम महाराष्ट्रातल्या नातेवाइकाचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. तिकडे कुळकायदा १९४८ चा, आपल्याकडे विदर्भाचा वेगळा १९५८ चा. त्याच्या कलम ८९ मुळे शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. शहरातल्या नोकरदाराला ‘घराचा प्लॉट’ म्हणून शेतीचीच जमीन विकली जाते, तेव्हा अडचण इथूनच सुरू होते. तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर कुठेही शेती असेल तर शेतकरी असल्याचा पुरावा आधीच जवळ ठेवा.

आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायची असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि त्याआधी शासनाची मान्यता लागते. ही मान्यता क्वचितच मिळते. मेळघाट, गडचिरोली, यवतमाळचा पांढरकवडा-झरी भाग, चंद्रपूरचा जिवती-कोरपना भाग, इथे हा प्रश्न रोजचा आहे. गोंड, कोरकू, कोलाम कुटुंबांची जमीन हातची जाऊ नये म्हणून हा कायदा आहे. त्याला वळसा घालायला ‘लीज करून घ्या’, ‘मुखत्यारपत्र करून घ्या’ असे मार्ग सुचवले जातात. ते घेणाऱ्याला बुडवतात आणि विकणाऱ्या कुटुंबाला उघड्यावर आणतात. अशा सौद्यात पडू नका. वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा तर वारसाला जातो, पण विकता येतच नाही.

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेल्या जमिनी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात या जमिनी वनजमीनच असल्याचं स्पष्ट केलं. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी ज्यांचं वाटप झालं त्यांना नियमित करण्याचा मार्ग त्याच निकालाने ठेवला आहे, पण तो मार्ग केंद्राच्या वनसंवर्धन कायद्यातून जातो. त्यामुळे या सहा जिल्ह्यांत जागा घेताना जुन्या नोंदीत झुडपी जंगल होतं का, हे पटवारी आणि तहसील दोन्हीकडे विचारल्याशिवाय राहू नका. आजचा सातबारा स्वच्छ दिसतो म्हणून जुने अभिलेख पाहणं सोडू नका.

भूदानात मिळालेली जमीन, अमरावती विभागातली ई-क्लास (सरकारी) जमीन, गायरान, स्मशानाची राखीव जागा, यांतलं काहीही खासगी माणसाला विकता येत नाही. विनोबांचं पवनार ज्यात येतं त्या वर्धा जिल्ह्यात भूदानाच्या नोंदी आजही भेटतात. त्या जमिनीवर पन्नास वर्षं कुणी राहिला असला तरी तिची विक्री कायद्यात टिकत नाही.

वणी, राजुरा, भद्रावती, उमरेड या कोळशाच्या भागात आणखी एक चौकशी करा. कोळसा क्षेत्र संपादनाचा १९५७ चा कायदा लागू झालेल्या मौजात जमीन घेतली तर ती उद्या सरकारकडे जाऊ शकते, आणि मोबदल्याची गोष्ट वेगळीच रेंगाळते. मौज्यावर अधिसूचना आहे का, हे तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भूसंपादन शाखेत कळतं. गोसीखुर्दसारख्या मोठ्या धरणाच्या लाभक्षेत्रातही हस्तांतरणावर निर्बंधाची नोंद असू शकते. आणि वर्धा, वैनगंगा, पैनगंगा या नद्यांच्या काठी पूररेषा कुठून जाते ते पाहा. उन्हाळ्यात प्लॉट दाखवणारे पावसाळ्यात तिकडे फिरकत नाहीत.

दुसरी पायरी: तुकडा आहे का?

तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. शेतजमिनीचे इतके छोटे तुकडे पडू नयेत की त्यावर शेतीच परवडू नये, हा त्याचा हेतू. २०२३ च्या अधिसूचनेनंतर विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत जिरायत जमिनीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. २० गुंठे म्हणजे साधारण अर्धा एकर. त्याहून लहान तुकडा शेती म्हणून तोडून विकता येत नाही. तरीही शेताच्या कडेचे दोन-दोन गुंठे शंभराच्या स्टॅम्पवर विकले गेले, त्यावर घरं उभी राहिली, आणि घरात राहणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर मात्र चढलं नाही.

अशांसाठी २०२५ मध्ये मोठा बदल झाला. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात झालेले असे व्यवहार, जमीन शहराच्या किंवा प्राधिकरणाच्या हद्दीत असेल, किंवा आराखड्यात राहण्यासारख्या अकृषक वापरासाठी दाखवलेली असेल, तर शुल्क न घेता नियमित करण्याची तरतूद सरकारने केली. त्याआधी यासाठी बाजारमूल्याच्या प्रमाणात रक्कम भरावी लागत होती. तुमचं असं जुनं घर असेल तर ते कोणत्या झोनमध्ये येतं ते आधी नगररचना विभागाकडून कळून घ्या, मग तहसीलात अर्ज करा. शेजारच्याचं नियमित झालं म्हणून तुमचं होईलच असं नसतं.

मात्र यातून एक चुकीचा समज पसरला आहे. ‘आता तुकडेबंदी उठली, गुंठा-गुंठा घ्या’ असं सांगून नवे प्लॉट विकले जात आहेत. सवलत जुन्या व्यवहारांसाठी आहे. आज खऱ्याखुऱ्या शेतातला एक गुंठा तोडून घेतलात तर तो तुकडाच ठरेल. विहीर, शेतरस्ता आणि सरकारी घरकुल यांसाठी वेगळी सूट आहे. पण ती परवानगी घेऊन मिळते, दलालाच्या शब्दावर मिळत नाही.

तिसरी पायरी: अकृषक आणि ले-आउट

शेतावर घर बांधायचं तर जमीन अकृषक व्हावी लागते. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला कलम ४२-ड नुसार सोपा रस्ता होता: रूपांतर कर आणि अकृषक आकारणी भरून तहसीलकडून सनद घ्यायची. आजची पद्धत तहसीलात विचारून घ्या. ‘आमचा प्लॉट गावाला लागूनच आहे’ या वाक्यावर थांबू नका. आधीच अकृषक झालेला प्लॉट असेल तर सनद मागा, चलन मागा.

ले-आउट असेल तर मंजूर नकाशा पाहा. त्यावर सक्षम अधिकाऱ्याची सही, मंजुरी क्रमांक आणि तारीख असते. रस्त्यांची रुंदी, मोकळी जागा, तुमचा प्लॉट क्रमांक जागेवर जाऊन ताडा. नागपूरभोवतीच्या ७१९ गावांत महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे नियम लागतात, तिथे परवानगी त्यांचीच हवी. सरपंचाच्या सहीचा ना-हरकत दाखला ले-आउटच्या मंजुरीची जागा घेऊ शकत नाही.

आणि महारेरा, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण. १ मे २०१७ पासून ही यंत्रणा चालू आहे आणि नागपूरला तिचं कार्यालय आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत प्लॉट असतील तर नोंदणीतून सूट आहे. त्यापुढच्या ले-आउटला नोंदणी क्रमांक लागतो, आणि तो जाहिरातीतही छापलेला असायला हवा. संकेतस्थळावर क्रमांक टाका, मंजूर नकाशा आणि जमिनीचे वाद वाचा. नोंदणीकृत प्रकल्पात करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताबा वेळेत मिळाला नाही तर व्याजासकट पैसे परत मागता येतात, बांधकामातल्या दोषाची जबाबदारी ५ वर्षं राहते. पण काकाजीचं जुनं घर तुम्ही थेट काकाजीकडून घेत असाल तर त्याला रेरा लागू नाही. तिथे तुमचं रक्षण फक्त कागदांची तपासणी करते.

चौथी पायरी: विकणाऱ्याचा हक्क खरंच आहे का?

ही पायरी घाईत उडवली जाते आणि सर्वांत जास्त दावे इथूनच निघतात.

सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे तो एकटाच मालक, असं समजू नका. फेरफार महसुलाच्या सोयीसाठी असतो. जमीन त्याच्याकडे कशी आली हे मागे मागे तपासत जा: खरेदीने, वाटणीने, वारसाने की मृत्युपत्राने? प्रत्येक वळणाचा कागद हवा. निदान ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या दस्तांच्या तपासणीचा अहवाल) वकिलाकडून करून घ्या. दुय्यम निबंधकाकडच्या सूची-२ च्या (नोंदवलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्याच्या) नोंदी ई-सर्चवर तुम्हालाही पाहता येतात.

वडिलोपार्जित जमीन असेल तर बहिणींचा प्रश्न येतोच. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हिस्सा मिळाला, आणि वडील त्या तारखेला हयात नसले तरी तिचा जन्मसिद्ध हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला ठरवलं. तरी गावात अजून ऐकू येतं, “बहिणी काही बोलणार नाही भाऊ, घरातलीच गोष्ट हाय.” बहीण बोलणार नाही हे गृहीत धरू नका. तिचा हिस्सा तिचा आहे. ती विक्रीपत्रावर सही करेल आणि तिचे पैसे तिच्या खात्यात जातील, किंवा तिने आधी स्वतःच्या मर्जीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र केलेलं असेल. साध्या कागदावरचं ‘मला काही नको’ पुरेसं नसतं. घेणाऱ्याने बहिणीला एकदा स्वतः भेटावं, निदान फोनवर बोलावं. असं केल्याने कुणी दुखावत नाही. उलट तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलेलं असतं.

खातेदार वारला आणि वारसांची नावं चढलीच नाहीत, असेही सातबारे हजारो होते. १ मार्च २०२५ ला बुलढाणा जिल्ह्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली आणि पुढच्या महिन्यापासून राज्यभर गेली. मृत खातेदाराच्या जागी वारसांची नावं लावणं हे तिचं काम. विकणाऱ्याच्या आजोबांचंच नाव अजून उताऱ्यावर दिसत असेल तर त्याला आधी वारस फेरफार करून घ्यायला सांगा, सौदा नंतर.

एकत्र घरातला एकाच भावाचा हिस्सा कुणी विकत असेल तर दोनदा विचार करा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ नुसार, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने घेतला तर त्याला घरात राहण्याचा हक्क मिळत नाही. त्याला वाटणीचा दावा लावावा लागतो. शिवाय वारसांपैकी एकाने हिस्सा विकायला काढला तर बाकीच्यांना तो आधी घेण्याचा हक्क आहे. आधी वाटणीपत्र, मोजणी, वेगळा हिस्सा, मग विक्री. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी सरकारने २०२५ मध्ये माफ केली आहे, त्याचा फायदा घ्या. हिश्श्यात अज्ञान (अल्पवयीन) मुलाचं नाव असेल तर न्यायालयाच्या परवानगीचा प्रश्न येतो. तो वकिलाशिवाय सोडवू नका.

पाचवी पायरी: इसार आणि पैसा

सौदा ठरला की गावात सौदाचिठ्ठी होते, बयाना दिला जातो, दोन माणसं साक्षीला बसतात. इसारपत्र लिहिण्यात गैर काही नाही, पण त्यात काय लिहिलंय त्यावर सगळं अवलंबून असतं. खसरा किंवा मिळकत क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा, एकूण किंमत, दिलेली रक्कम, विक्रीची शेवटची तारीख, बोजा कोण फेडणार, परवानगी कोण आणणार, आणि सौदा मोडला तर इसार परत कसा, हे सगळं आलं पाहिजे. चतुःसीमा लिहिताना शेजाऱ्यांची आजची नावं लिहा, वीस वर्षांपूर्वीच्या विक्रीपत्रातली उतरवू नका. ताबा घ्यायचा असेल तर करार नोंदवलेलाच हवा. नोटरीचा शिक्का फक्त सही कुणाची ते सांगतो. त्याने जागा नावावर होत नाही. मुखत्यारपत्रानेही मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलं आहे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत दस्तानेच विकता येते. स्टॅम्प पेपर शंभराचा असो की पाचशेचा, कायदा तोच राहतो.

इसारानंतर तालुक्याच्या पेपरात जाहीर नोटीस द्या आणि हरकतीसाठी मुदत ठेवा. चार-पाच हजारांचा खर्च वाटेल, पण लपलेला वारसदार आणि जुना इसारवाला दोघंही याच नोटिशीने बाहेर येतात.

पैसे बँकेतून द्या. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात मना आहे आणि दंड घेणाऱ्यावर, म्हणजे विकणाऱ्यावर, त्या रकमेइतका पडू शकतो. किंमत कागदावर कमी दाखवायला कुणी सांगत असेल तर दोघांनीही नकार द्या. विकणाऱ्याला उद्या बुडालेल्या रकमेचा दावा करता येत नाही, घेणाऱ्याला पुढे विकताना कर जास्त लागतो. घराची किंवा प्लॉटची किंमत वार्षिक मूल्यदर तक्त्यातल्या सरकारी दरापेक्षा १० टक्क्यांहून अधिक फरकाने कमी दाखवली तर फरकावर कराची नोटीस दोघांनाही येऊ शकते. व्यवहार ५० लाखांचा किंवा त्यावर असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो.

सहावी पायरी: रजिस्ट्री

मुद्रांक शुल्क किती हे गाव, तालुका आणि मालमत्तेच्या प्रकारावर ठरतं; ग्रामीण भागात त्यात जिल्हा परिषदेचा १ टक्का अधिभार असतो. दस्तलेखकाकडे जाण्याआधी तक्त्यातला दर स्वतः पाहून घ्या. नोंदणी फी किमतीच्या १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. राहतं घर फक्त महिलेच्या नावाने घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत १ एप्रिल २०२१ पासून आहे. नवऱ्याचं नाव सोबत टाकलं की ती जाते, आणि मोकळ्या प्लॉटला ती मिळत नाही. नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना राहतं घर किंवा शेती बक्षीसपत्राने द्यायची असेल तर मुद्रांक नाममात्र आहे. त्यासाठी खोटी विक्री दाखवू नका.

दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीला हजर करावा लागतो. विक्रीपत्र लिहून झालं की घरी नेऊन वाचा. नावाचं स्पेलिंग, क्षेत्र, चतुःसीमा, जाण्यायेण्याचा रस्ता, विहिरीतला हिस्सा, झाडं. ‘रस्ता आहेच की’ असं तोंडी असेल तर तो दस्तात लिहून घ्या. बाकी रक्कम त्याच दिवशी, निबंधकासमोर, डीडीने किंवा खात्यावर.

सातवी पायरी: नोंद चढेपर्यंत थांबू नका

रजिस्ट्री झाल्यावर फेरफाराची माहिती महसुलाकडे आपोआप जाते, पण नोंद मंजूर होईपर्यंत काम पूर्ण झालेलं नाही. पटवारी नोटीस काढतो, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर नोंद विवादी होते आणि सुनावणी लागते. तारखेला हजर राहा. नोंद मंजूर झाली की नवा सातबारा किंवा आखीव पत्रिका काढून घरी ठेवा. ग्रामपंचायतीत नमुना आठवर नाव बदलायला वेगळा अर्ज करा, तो आपोआप होत नाही. महावितरणचं मीटरही आपल्या नावावर करा.

विकणाऱ्यासाठी थोडं वेगळं

विकणाऱ्याने आधी स्वतःचे कागद नीट करावेत: बोजा उतरवणं, वारस लावणं, मोजणी, आखीव पत्रिका. याला दोन-चार महिने लागले तरी चालतील, घाईत विकणाऱ्याचा भाव पडतो. आपल्याला हिस्सा किती, हे कुटुंबात बसून लेखी ठरवा. पैसे पूर्ण खात्यात आल्याशिवाय ताबा देऊ नका आणि कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर सही तर कधीच करू नका.

कराचा हिशेब विकण्याआधी करून घ्या. गावातली शेतजमीन नगरपालिकेपासून ठरावीक अंतराबाहेर असेल तर तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नसतो. हे अंतर गावाजवळच्या शहराच्या लोकसंख्येप्रमाणे २, ६ किंवा ८ किलोमीटर आहे. घराला आणि अकृषक प्लॉटला ही सूट नाही. दोन वर्षांहून जास्त धरलेली मालमत्ता विकली तर नफ्यावर १२.५ टक्के कर. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली असेल तर महागाई धरून २० टक्क्यांचा पर्याय आहे, दोन्ही काढून कमी पडेल तो घ्या. आजोबांच्या काळातलं घर असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत मूल्यांकनकाराकडून काढून ती खरेदी किंमत म्हणून धरता येते. राहतं घर विकून आलेल्या नफ्यात दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर त्यावर सूट मिळते. आईबापाचं घर विकून नागपुरात फ्लॅट घेणाऱ्यांनी हे आधीच सीएला विचारावं.

विक्री झाल्यावर विक्रीपत्राची एक प्रत, पैसे आल्याचा बँकेचा उतारा आणि बोजा उतरल्याचा दाखला एका फाइलमध्ये ठेवा. महिना-दोन महिन्यांनी सातबारा आणि नमुना आठ पुन्हा काढून आपलं नाव निघालं का ते पाहा. नसेल निघालं तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) लेखी अर्ज देऊन पोच घ्या, कारण पुढच्या मार्चला थकीत घरपट्टीची नोटीस ज्याचं नाव नोंदीत आहे त्याच्याच घरी येते.